दुसरीचा वर्ग आणि भावना: प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै
प्रकल्प मंजूर झाला. वर्ग दुसरीचा, मुलं सात-साडेसात वर्षांची. आठवड्यातला एक तास माझा, बाकी सगळा वेळ वर्गशिक्षिका बाईंचा. त्यामुळे खरं काम त्यांच्याच हातून होणार आहे.

अर्जात मी उद्दिष्ट लिहिलं होतं: मुलांना आपल्या भावना ओळखता याव्यात, सांगता याव्यात आणि त्या अनावर झाल्या तर स्वतःला सावरता यावं. मुख्याध्यापकांनी त्याखाली पेनानं एक ओळ वाढवली आहे: "वर्गात शांतता वाढावी." ओळ तशीच राहू दिली. पण ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत, याची नोंद आजच करून ठेवते. गप्प बसलेलं मूल सावरलेलंच असेल असं नाही. हा मुद्दा पुढे आडवा येणार.

नोंदींत मुलांची नावं नाहीत. अक्षरं वापरते, तीही त्यांच्या नावांतली नाहीत.

११ जुलै
पहिला तास फक्त ऐकण्याचा. "काल घरी गेल्यावर कसं वाटत होतं?" यावर छान, मस्त, बरं, छान, माहीत नाही. मग विचारलं, "काल कोणाचं कोणाशी काय बिनसलं?" झालं, वर्ग फुटला. कोणी कोणाची पट्टी मोडली, कोणाला खेळात घेतलं नाही, कोणाच्या दादानं दार लावून घेतलं. प्रत्येक गोष्टीत राग होता, अपमान होता, रडू होतं, पण त्यासाठी वापरलेला शब्द एकच: "वाईट वाटलं."

म्हणजे अनुभवांची वानवा नाही. सगळे अनुभव एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. ते सोडवायचे.

१८ जुलै
सामानाच्या खोलीत सहा चेहऱ्यांचा जुना तक्ता सापडला: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. ही सहाची यादी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून आलेली, आणि जगभरच्या वर्गांत तिचे तक्ते लागलेले असतात. मुलांना दाखवला. सगळ्यांनी सगळे चेहरे बरोब्बर ओळखले. परीक्षा असती तर वर्ग पहिल्या श्रेणीत पास.

मधल्या सुट्टीत 'क'नं त्याच वर्गातल्या एकाला ढकललं. विचारलं, "राग आला होता का?" तर म्हणाला, "नाही, मी रागात नव्हतो. रागात असं तोंड होतं," आणि तक्त्यावरचं तोंड करून दाखवलं.

तक्ता परत खोलीत गेला. चित्रातला राग ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या अंगात चढणारा राग ओळखणं वेगळं. शिवाय रागावलेला माणूस दर वेळी आठ्या घालतोच असंही नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. एखाद्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनात काय आहे हे खात्रीनं सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मुलांना चेहरे वाचायला शिकवायचं असेल तर "तुला काय झालंय?" हे विचारायलाही सोबतच शिकवायला हवं.

२५ जुलै
चेहरा सोडून शरीराकडे वळलो. मोठ्या कागदावर एका मुलाला झोपवून बाहेरची रेघ आखली. भीती वाटली की अंगात कुठे काय होतं, तिथे रंग द्या, एवढंच सांगितलं.

फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ७०१ जणांकडून असेच नकाशे रंगवून घेतले होते. ती मोठी माणसं होती आणि नकाशे संगणकावर होते. आमच्याकडे खडू आणि भांडाभांडी. तरी मुलांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते:

"पोटात गोळा येतो." "पोटात नाही, इथे," (घसा). "माझे कान गरम होतात." "माझे हात शिवशिवतात, मग मी मारतो." "शू लागते." यावर सगळे हसले, आणि मग तिघा-चौघांनी हळूच हात वर केला.

"हात शिवशिवतात, मग मी मारतो" हे बोलणारा 'क'च. राग आला नव्हता म्हणणाऱ्या मुलाला हात शिवशिवतात हे पक्कं ठाऊक आहे. त्या "मग"च्या आधी त्याला थांबता यावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. रागाचं नाव त्याला नंतर सापडलं तरी चालेल, हात आधी सापडला पाहिजे.

१ ऑगस्ट
शब्दांचा तास. रागाची शिडी केली: कुरकुर, चिडचिड, राग, संताप. दुःखाची वेगळी: खट्टू, हिरमुसलेला, उदास, रडवेला. शब्द मुलांच्याच तोंडून काढले, मी फक्त क्रम लावून घेतला. 'हेवा' कोणालाच माहीत नव्हता, पण अर्थ सांगताच प्रत्येकाकडे त्याचं उदाहरण तयार.

बाईंनी विचारलं, नाव दिल्यानं होतं काय? प्रश्न रास्त आहे. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं मेंदूचं चित्रण करून एक प्रयोग केला. भावना दाखवणारे चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची, म्हणजे धोक्याची चाहूल लागली की उसळणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या एका भागाची वाढली. हा प्रयोगही मोठ्यांवरचा आहे. त्यावरून सात वर्षांच्या मुलाबद्दल फार मोठं बोलू नये. मला व्यवहारातलं कारण जास्त पटतं: "माझी चिडचिड होतेय" म्हणणाऱ्या मुलाला मदत करता येते, बाक लाथाडणाऱ्याचं काय बिनसलंय ते ओळखत बसावं लागतं.

८ ऑगस्ट
मन उसळलं की जाऊन बसायचा कोपरा तयार झाला. खिडकीजवळ चटई, उशी, वाळूचं घड्याळ, कोरे कागद, मेणाचे खडू, हातात दाबायचा मऊ चेंडू. रंगीबेरंगी काही नको असं मी सुचवलं, नाहीतर तो खेळघर होतो.

एका पालकांनी प्रेमानं मुष्टियुद्धाची पिशवी देऊ केली, "राग बाहेर पडला की मोकळं वाटतं" म्हणून. ही समजूत फार पसरलेली आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात नेमकं उलट दिसलं. ज्यानं चिडवलं त्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणारे सगळ्यात जास्त रागावलेले राहिले, आणि नुसते गप्प बसून राहिलेले सगळ्यात कमी. पिशवी नम्रपणे परत केली. पळणं, भिंत जोरात ढकलणं चालेल. कोणाचं तरी तोंड डोळ्यांपुढे आणून ठोकणं नको.

२० ऑगस्ट
कोपऱ्याचं जे व्हायला नको होतं तेच दोन आठवड्यांत झालं. बदलीवर आलेल्या शिक्षकांनी गडबड करणाऱ्याला "जा, कोपऱ्यात बस" म्हणून पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं एकमेकांना धमक्या देतायत, "थांब, तुला कोपऱ्यात पाठवायला सांगतो."

बाईंनी तोडगा काढला तो मला सुचला नसता. गणिताच्या तासाला गोंधळ वाढल्यावर त्या वर्गाला म्हणाल्या, "माझं डोकं तापलंय. मी जरा कोपऱ्यात बसून येते." आणि खरंच जाऊन बसल्या. वाळूचं घड्याळ उलटं केलं, डोळे मिटले. वर्ग अवाक. परत आल्यावर म्हणाल्या, "आता बरं आहे. अजून थोडं तापलेलंच आहे, पण शिकवू शकते."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. भावना पूर्ण जावी लागत नाही, काम करता येण्याइतकी उतरली की पुरे. हे आम्ही तक्त्यावर लिहून कधीच शिकवू शकलो नसतो. आता नियम एकच: कोपऱ्यात कोणी कोणाला पाठवायचं नाही, ज्याचं तो जातो.

२९ ऑगस्ट
श्वासाचा तास. दीर्घ श्वास घ्या असं सगळेच सांगतात, पण फायदा श्वास सोडण्यात जास्त आहे. आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस या मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या प्रभावानं मंदावतात. म्हणून तीन मोजत घ्या, पाच-सहा मोजत सोडा. पिसाला फुंकर घालून ते हळूहळू टेबलाच्या टोकापर्यंत न्यायचं, हा खेळ चालला.

सगळ्यांना मात्र चालला नाही. 'ज' श्वासाकडे लक्ष द्यायला लागली की आणखी घाबरते, आपला श्वास नीट येत नाही असं तिला वाटतं. तिच्यासाठी गार पाण्यानं तोंड धुणं, नाहीतर खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधणं. एकच उपाय सगळ्यांच्या गळ्यात मारायचा नाही.

आणि हे सगळं मूल शांत असतानाच गिरवायचं. भडकलेल्या मुलाला "दीर्घ श्वास घे" सांगणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

५ सप्टेंबर
आज एक प्रसंग अगदी जवळून पाहायला मिळाला.

'क'नं केलेली कागदाची होडी शेजारच्याच्या कोपरानं चुरगळली. 'क' उठला, मुठी आवळल्या, मान लाल. ओरडला. बाई त्याच्याकडे गेल्या, पण समोर उभ्या राहिल्या नाहीत. बाजूला गुडघ्यावर बसल्या, म्हणजे उंची त्याच्याइतकी. काहीच बोलल्या नाहीत. तो पुन्हा ओरडला, बाक ढकलला. बाई एवढंच म्हणाल्या, "मारायचं नाही. मी इथे आहे." आणखी काही वेळ. मग आवाजाचा पोत बदलला, ओरडण्याचं हुंदक्यात रूपांतर झालं. तिथे बाई बोलल्या: "एवढी मेहनत केली होतीस." तो बाईंना टेकला.

मायकल पोटेगाल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटाची बारीक नोंद केली होती. त्यात राग आणि व्यथा असे दोन प्रवाह दिसतात. रागाचा जोर सुरुवातीला असतो, रडणं आणि जवळ येऊ पाहणं शेवटपर्यंत चालू राहतं. आमची मुलं त्याहून मोठी, पण क्रम ओळखीचा वाटला. रागाच्या भरात समजूत घालायला गेलं की ठिणगीला वारा मिळतो. बाईंनी ती वेळ जाऊ दिली.

होडी चुरगळणाऱ्याकडे कोणी पाहिलंच नाही, तो टेबलाखाली जाऊन बसला होता. दुसऱ्याला रडवलं की आपलंही काहीतरी होतं, यावर वेगळा तास हवा.

१२ सप्टेंबर
'म'च्या घरी बाळ आलं. "आनंद झाला," म्हणाली. मग, "नाही झाला." मग गप्प.

या वयात एकाच गोष्टीबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असू शकतात, हे मुलांना पटणं अवघड जातं. सुझन हार्टर यांचं या विषयावरचं काम प्रसिद्ध आहे. लहान मुलं एक मागोमाग दुसरी भावना सांगतात, दोन्ही एकत्र सांगणं बऱ्याच उशिरा, दहा-अकराच्या आसपास जमू लागतं. म्हणून 'म'ला समजावत बसले नाही. कागदाची पट्टी दिली, म्हटलं, आनंद वाटतो तेवढा भाग पिवळा कर, उरलेल्याला दुसरा रंग. तिनं पिवळा थोडा, राखाडी बराच, आणि मध्ये दोन्ही रंग एकमेकांवर घासले. "हे काय?" "हे बाळ झोपतं तेव्हाचं."

तिनं पट्टी घरी न्यायला मागितली. मोठ्यांना पाहून वाईट वाटेल म्हणून ठेवून घ्यावी का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नेऊ दे.

२४ सप्टेंबर
मुख्याध्यापकांबरोबर बैठक. "वर्गाचा आवाज कमी झाला का?" नाही झाला. खरं तर थोडा वाढलाय, कारण आता मुलं "मला राग आलाय" असं मोठ्यांदा सांगतात. त्यांना हे यशाचं लक्षण वाटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे, शेजारच्या वर्गाची तक्रार त्यांच्याकडे येते.

मी 'ज'चं उदाहरण दिलं. अक्षर सुंदर, वही स्वच्छ, कधी भांडण नाही. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हिची काळजीच नाही." पण शुद्धलेखनाच्या दिवशी तिचं पोट दुखतं, हे आम्ही दोघींनी हजेरीशेजारी खुणा करायला लागल्यावरच लक्षात आलं. विचारलं की हसते. शांततेच्या मोजपट्टीवर ही मुलगी वर्गात पहिली.

कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ मध्ये मुलांना मुद्दाम न आवडणारी भेट दिली आणि त्यांचे चेहरे पाहिले. वय वाढलं तसं निराशा लपवून हसणं वाढलं, आणि मुलींमध्ये ते जास्त दिसलं. लपवणं हे कौशल्यच आहे, समाजात ते लागतं. पण त्याची किंमत असते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या १९९३ च्या प्रयोगात किळसवाणं दृश्य पाहताना ज्यांना चेहऱ्यावर काही दाखवू नका असं सांगितलं, त्यांचे चेहरे कोरे राहिले, किळस मात्र तेवढीच राहिली आणि त्वचेवरच्या घामाच्या नोंदींत शरीराचा ताण वाढलेला दिसला. वर्ग गप्प करणं सोपं आहे. दटावलं की होतो. त्यासाठी हा प्रकल्प नको.

मुख्याध्यापकांनी शेवटी विचारलं, "मग मोजायचं काय?" चांगला प्रश्न. पुढच्या बैठकीला कागद आणते म्हटलं.

२६ सप्टेंबर
मोजायचं काय, याचा कच्चा आराखडा: मूल स्वतःहून मदत मागतं का. भडकल्यानंतर पुन्हा कामाला लागायला किती वेळ घेतं. भांडणानंतर दोघं पुन्हा एकत्र खेळतात का. आणि शांत मुलांसाठी निराळा रकाना: पोटदुखी, डोकेदुखी, वारंवार बाहेर जाणं, गैरहजेरी.

दावे आवरते ठेवायचे. जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळांतल्या अशा २१३ उपक्रमांचं एकत्र विश्लेषण केलं, २,७०,०३४ विद्यार्थी, आणि भावनिक कौशल्यांबरोबर अभ्यासातही फरक दिसला. हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. त्याच माहितीपत्रकांवर २०२२ चा ब्रिटनमधला मायरियड अभ्यास नसतो. त्यात आठ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांपैकी सुमारे निम्म्यांना वर्गावर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले गेले आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मानसिक आरोग्यात काही जास्त सुधारणा दिसली नाही. सगळ्या वर्गाला एकच डोस पाजला की काम झालं, असं नसतं. दोन्ही गोष्टी अहवालात जातील.

५ ऑक्टोबर
पालकसभा. अपेक्षेपेक्षा जास्त पालक आले. बाईंनीच प्रसंग मांडला: मूल रडत आलंय, "मला खेळायला घेतलं नाही." घरात काय म्हणता? उत्तरं प्रामाणिक होती. "रडू नकोस." "एवढ्यात काय रडायचं?" "तू त्यांना घेऊ नकोस उद्या." "चल, काहीतरी मस्त करू."

जॉन गॉटमन यांनी पालकांच्या बोलण्याचा अभ्यास करून भावना हाताळण्याचे जे टप्पे मांडले, ते थोडक्यात सांगितले: भावना लक्षात घ्या, जवळ येण्याची संधी माना, ऐकून घ्या, शब्द द्या, मग मर्यादा आखून तोडगा शोधा. क्रम महत्त्वाचा. तोडगा शेवटी आहे, आणि आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो.

एका वडिलांनी हात वर केला. "ताई, असं प्रत्येक वेळी ऐकत बसलो तर मुलगा डोक्यावर बसेल." बऱ्याच माना डोलल्या. मी म्हटलं, राग चालेल, मारणं चालणार नाही, ही दोन वाक्यं एकाच दमात म्हणायची. पहिलं गाळलं तर मुलगा राग लपवायला शिकतो, दुसरं गाळलं तर तुम्ही म्हणता तसं होतं. ते म्हणाले, "आणि मलाच राग आलेला असेल तेव्हा?" सभेतला सगळ्यात उत्तम प्रश्न. बाईंनी कोपऱ्यात जाऊन बसल्याचं सांगितलं. त्या गृहस्थांना ते पटलं का, कळलं नाही. पण त्यांनी लिहून घेतलं.

एका आजींनी जाताना सांगितलं, "आम्हाला कोणी विचारलंच नाही कधी, कसं वाटतंय म्हणून." यावर काही बोलले नाही.

१७ ऑक्टोबर
'ज'साठी काढलेली युक्ती: बाकावर एक चिमटा, एक बाजू पांढरी, एक बाजू हिरवी. हिरवी वर म्हणजे "मला जमत नाहीये, पण बोलायचं नाही." बाईंनी ती बाजू दिसली की जाता जाता बाकावर बोट टेकवायचं, एवढंच. पहिले काही दिवस चिमटा पांढराच. आज शुद्धलेखनाच्या आधी उलटला. बाईंनी बोट टेकवलं. पोट दुखलं नाही असं नाही, पण ती वर्गातून बाहेर गेली नाही.

आता इतर मुलांनाही चिमटे हवे आहेत. देणार. सगळ्यांकडे असले की 'ज' वेगळी दिसणार नाही.

२४ ऑक्टोबर
आमच्या कामाची हद्द लेखी केली, बाईंना दिली. घाबरणं किंवा उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, आधी आवडणारं सगळं सुटलं, स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर कोपरा आणि चिमटा पुरत नाहीत. पालकांशी बोलून बालमानसतज्ज्ञांकडे. आणि मुलाच्या बोलण्यातून त्याला कोणी त्रास देतंय असं वाटलं, तर खोदून विचारायचं नाही, त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहायचं आणि शाळेच्या ठरलेल्या व्यक्तीकडे पोचवायचं. श्वासाचे व्यायाम ज्याचं घरच असुरक्षित आहे त्याला वाचवत नाहीत.

७ नोव्हेंबर
'क'नं आज एकाला मारलं. मारायच्या आधी म्हणाला, "माझे हात शिवशिवतायत," आणि मग मारलं. बाईंना हसू आवरेना, पण मर्यादा पाळली, परिणाम जो ठरला होता तोच झाला: ज्याला लागलं त्याला बरं वाटेपर्यंत 'क' त्याच्यासोबत थांबला. नोंदीत लिहिलं: ओळख झाली, थांबणं अजून नाही. कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. सातव्या वर्षी घाई कशाला.

१४ नोव्हेंबर
मुख्याध्यापकांना नवा कागद दिला. "शांतता" या रकान्याऐवजी चार रकाने. त्यांनी तीन ठेवले, चौथ्यावर (मुलं पुन्हा एकत्र खेळतात का) म्हणाले, हे कोण बघणार? मैदानावरचे शिक्षक तयार झाले आहेत. शेजारच्या वर्गाशी बोलून आमचा तास त्यांच्या चित्रकलेच्या वेळी हलवला, म्हणजे आवाजाची तक्रार निम्मी मिटली.

तिसरीच्या शिक्षिकांनी सगळं साहित्य मागितलं, जूनपासून वापरायला. त्यांना सांगितलं, साहित्य घ्याच, पण आधी एखाद्या गुरुवारी दुसरीत येऊन मागच्या बाकावर बसा, बाई काय करतात ते बघा. त्या पुढच्या गुरुवारी येतायत. टेबलाखाली बसणाऱ्यांवरचा राहिलेला तास त्याच दिवशी घ्यायचा आहे.